पितृपक्षातला आठवडा

मी उतावळी आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असतं म्हणतात. आमच्या घरात नवरा शांत आणि बाशिंग माझ्या गुडघ्याला. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना माझा हात जराही हलत नाही, पण ब्रश खाली ठेवला की मला कुठलीच गोष्ट उद्यावर टाकवत नाही.

आम्ही पेणचे. घरचाच मूर्तींचा कारखाना आहे. माझी धाकटी बहीण रोह्याला दिलेली. ती कंपनीतल्या शिफ्टवाल्यांचे डबे करते, पहाटे चारला उठते. आम्हाला भाऊ नाही. आई होती तोवर धरमतरच्या खाडीकाठी आमचं माहेर होतं, दोन खोल्या आणि समोर मिठागरं. आई गेली. जागा चुलत्यांची होती, तिथे चुलत भावाने गोडाऊन उभं केलं. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, जागा त्याचीच. पण आम्हा दोघींचं तिथलं जाणं संपलं.

लोक म्हणायचे, पेण-रोहा म्हणजे तास-दीड तासाचा रस्ता, भेटा की एकमेकींना. मला असा संताप यायचा! भेटतो हो, न भेटायला काय झालंय? मी तिच्याकडे गेले की ती पोळ्या लाटत उभी आणि मी तिच्या सासूशी गप्पा मारत बसलेली. ती माझ्याकडे आली की मी रंगाने बरबटलेली आणि ती माझ्या ओट्याशी चहा टाकतेय. कायम एक जण यजमानीण आणि एक पाहुणी. दोघी एकाच वेळी पाहुण्या असू अशी जागाच उरली नव्हती, आणि माहेर म्हणजे दुसरं काय असतं? आई गेल्यापासूनच्या तीन वर्षांत आम्ही एका छपराखाली एक रात्रसुद्धा झोपलो नव्हतो. मला ते फार लागत होतं.

अशात एक दिवस आमचं ठाण्याचं जुनं गिऱ्हाईक मूर्ती ठरवायला आलं. बोलता बोलता ते गृहस्थ म्हणाले, आमचा महाबळेश्वरचा आठवडा. मी विचारलं, तुमचा म्हणजे कसा? तेव्हा त्यांनी टाइमशेअर म्हणजे काय ते समजावलं. रिसॉर्टची खोली विकत घ्यायची नाही, तिथला वर्षातला एक आठवडा घ्यायचा, वीस-पंचवीस वर्षांसाठी. कित्येकांची हौस दहा वर्षांत फिटते, मुलं परदेशी जातात, गुडघे जातात, मग ते उरलेली वर्षं दुसऱ्याला विकतात आणि नव्यापेक्षा बऱ्याच स्वस्तात विकतात. फक्त मधला माणूस नीट पारखून घ्या, म्हणाले, त्यात फसवणारे फार.

फसवणारे फार, हे मला ऐकूच आलं नाही. मला ऐकू आलं ते एवढंच, की वर्षातला एक आठवडा विकत मिळतो. मी हातावरचा रंग पुसला आणि रोह्याला फोन लावला. बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताय, म्हणजे माहेर विकत भेटतं?"

मी म्हटलं, व्हय, भेटतं.

नवरा म्हणाला, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यापेक्षा चार दिवस लॉज घ्या. त्याला काय कळणार! लॉज घ्यायचा म्हणजे दरवर्षी घरात विषय काढायचा, दरवर्षी कुणाचं तरी दुखणं, कुणाचं तरी बारसं, आणि दरवर्षी पुढच्या वर्षी बघू. आठवडा नावावर असला की बोलणंच खुंटलं. पैसे भरलेत, वाया जातील, एवढं म्हटलं की सासरची माणसं स्वतः बॅग भरून देतात. माझी आखणीची साठवण होती, बहिणीची डब्यांची. आम्हाला कुणापुढे हात पसरायचा नव्हता.

प्रश्न एकच होता, कधी जायचं. बहिणीचं सोपं होतं, शिफ्टवाल्यांना आठ दिवस आधी सांगितलं की झालं. अडचण माझी. दसऱ्यानंतर माती मळायला घेतली की पुढच्या चतुर्थीपर्यंत आम्हाला मान वर करायला सवड नसते. मग घरचा गणपती, गौरी, अनंत चतुर्दशी. मोकळे दिवस येतात ते थेट पितृपक्षात, तेवढेच पंधरा दिवस. जग त्या दिवसांत नवीन रुमालसुद्धा घेत नाही आणि आम्ही पेणकर त्याच दिवसांत देवदर्शनं, डॉक्टर, दाताची कामं, सगळं उरकतो. घरातलं श्राद्ध तेवढं तिथीला सांभाळायचं.

मग सुरू झाला ब्रोकरचा शोध. मोबाइलवर जाहिरात बघून पहिला फोन मी वाशीच्या एकाला केला. काय त्याचा आवाज! प्रत्येक वाक्यात दोनदा मॅडम. पहिल्या रिंगला फोन उचलायचा. दऱ्याखोऱ्यांचे, पोहण्याच्या तलावाचे फोटो पाठवले, आणि म्हणाला, ही ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे, मॅडम, थोडा अ‍ॅडव्हान्स टाकून ठेवा. मी टाकणारच होते. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तशी गत. पण बहिणीने एकच गोष्ट विचारायला सांगितली, की आज विकणारा कोण आहे, त्याचं नाव तरी सांगा. मी विचारलं तर तो म्हणाला, ते सगळं नंतर. मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा नंतर म्हणाला. माझं डोकंच फिरलं. अरे, आम्ही बाजारात भाजी घेताना वाडी कुठली ते विचारतो, आणि तू मला आठवडा कुणाचा ते सांगत नाहीस? फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीसुद्धा ऑफर संध्याकाळपर्यंतच होती.

तेव्हा घरात ठरलं, परका माणूस नको, आपला माणूस बघू. आमच्याकडे हे एक वेडच आहे. भाडेकरू, गवंडी, डॉक्टर, काहीही हवं असलं की आधी नात्यात कोण आहे ते बघायचं. त्याला काम येतं की नाही ते मागाहून. माझ्या जावेचा भाऊ रोह्याजवळ वरशाला राहतो. प्लॉट, भाड्याच्या खोल्या, जुन्या गाड्या, सगळ्याची दलाली करतो. टाइमशेअर हा शब्द त्याने माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकला असावा, पण नाही म्हणेल तर तो दलाल कसला. आठ दिवसांत कागद घेऊन हजर. महाबळेश्वर, दोन माणसांची खोली, उरलेली वर्षं बारा, आणि ठरलेला आठवडा: सप्टेंबरचा तिसरा, दरवर्षी तोच.

मी भिंतीवरचं कॅलेंडर उघडलं. सप्टेंबर काढला. आणि काय सांगू, तो आठवडा बरोबर पितृपक्षाच्या मध्यावर! मला देवानेच तो काढून ठेवल्यासारखं वाटलं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. मी जावेच्या भावाला तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं, कारखान्यात पेढे वाटले, आणि बहिणीला फोन करून सांगितलं की बॅग आण, झालं आपलं.

ती म्हणाली, सही करायच्या आधी एकदा इथे ये. तिच्याकडून एक बाई डबा घेत होत्या. शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त, एकट्या. त्या आणि त्यांचे यजमान कधीकाळी असाच आठवडा घेऊन अडकले होते, त्यातून स्वतःच्या डोक्याने बाहेर पडले, आणि मग ओळखीच्यांचे कागद करून देता देता बाईंचा तोच व्यवसाय झाला. बहिणीला हवं होतं की बाईंनी कागद एकदा नजरेखालून घालावा. मी चिडले. म्हटलं, पेढे वाटून झालेत, आता कसला कागद दाखवतेस? पण ती कधी हट्ट करत नाही, म्हणून गेले. नागोठण्यावरून एसटीने जाताना सगळा रस्ता मी धुसफुसत होते.

बाईंनी चहा विचारला नाही. चष्मा लावला, कागद घेतला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि विचारलं, कोण जाणार? मी म्हटलं, आम्ही दोघी. नवरे? नाही. तेवढ्यावर बाई जरा हसल्या. मग विचारलं, कधी?

मी छाती फुगवून सांगितलं की पितृपक्षात, आणि हा आठवडा बरोबर पितृपक्षातच येतो.

"यंदा," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या आणि कपाटातून जाड पंचांग घेऊन आल्या, पुढच्या कित्येक वर्षांचं. उघडलं नाही. माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही मूर्तिकार ना? पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. चतुर्थी कधी येते?"

मला पंचांग कशाला लागतं! पुढच्या वर्षीची चतुर्थी मी व्यापाऱ्यांना वर्षभर आधी तोंडपाठ सांगते. म्हटलं, सप्टेंबरच्या मध्यावर. आणि ते शब्द तोंडातून निघाले तसं माझं तोंड उघडंच राहिलं. सप्टेंबरचा तिसरा आठवडा. पुढच्या वर्षी त्या आठवड्यात मी महाबळेश्वरला नाही, घरी मोदक वळत असणार होते, आणि दारात मूर्ती न्यायला आलेल्यांची रांग असणार होती.

बाईंनी मग पानं उलटून दाखवली. चतुर्थी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की उडी मारून पुढे येते. एखाद्या वर्षी आमचा आठवडा अख्खा जमणार, एखाद्या वर्षी अर्धा, आणि दर दोन-तीन वर्षांनी बरोबर गणपतीवर येऊन बसणार. बारा वर्षांतली किती धडपणे मिळणार ते त्यांनी बोटांवर मोजलं आणि मला मान खाली घालावी लागली. तिथीवर ज्यांचं पोट आहे त्या आम्ही. रेल्वेतल्या साहेबाची बायको असती तर तिचं चुकलं असतं तर चाललं असतं. माझं कसं चुकलं? कारण मी कधी नव्हे ते आनंदात कॅलेंडर बघितलं होतं, कामात नाही.

मला रडू यायला लागलं आणि मला रडू आलं की मी भांडते. बाईंना म्हटलं, तुम्हाला दुसऱ्याचा सौदा मोडायचाय, तुमच्याकडचं विकायचं असेल म्हणून.

फाइल उघडून त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. तेच रिसॉर्ट, तीच खोली, तोच सप्टेंबरचा तिसरा आठवडा. विकणाऱ्याने तो दोघातिघांकडे दिला होता. "हा माझ्याकडे आठ महिने पडून आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला विकला असता तर माझंही काम झालं असतं."

मी बहिणीकडे बघितलं, बहिणीने माझ्याकडे. ब्रोकर तिथल्या तिथे ठरला. माझं ठरलं, मला आणखी काही विचारायचं नव्हतं. बहिणीने मात्र विचारलं, आणि बाईंनी न चिडता सांगितलं. त्यांची फी आमची नावं कागदावर चढल्यावर, एक दिवस आधी नाही. रिसॉर्टच्या कंपनीचं संमतीपत्र आणि वर्षाच्या देखभालीचे पैसे भरल्याचं पत्र त्या स्वतः मागवणार, आणि ते हातात आल्याशिवाय आम्ही विकणाऱ्याला एक पैसा द्यायचा नाही. आमच्यासाठी ठरलेला आठवडा नको, फिरता हवा, म्हणजे अख्ख्या हंगामात आपण मागू तो आठवडा. तसा मिळेल? मिळेल, पण पाच-सहा महिने आधी मागावा लागतो आणि लोकांना इतकं आधी आपले दिवस ठाऊक नसतात. "तुम्हाला ठाऊक असतात," बाई म्हणाल्या. मला टुणकन उडी मारावीशी वाटली! ज्या तिथीने मला पाच मिनिटांपूर्वी तोंडावर पाडलं होतं तीच आता कामाला येत होती.

एक उणी बाजूही त्यांनी न विचारता सांगितली. दुसऱ्याकडून घेतलेल्या आठवड्याला बदली नसते. मूळ मालक गोवा, केरळ, कुठेही अदलाबदल करू शकतो. आम्हाला बारा महिने तेरा काळ महाबळेश्वरच. पुष्कळ लोक इथे मागे फिरतात, म्हणाल्या. आम्ही दोघी हसायलाच लागलो. बाईंना कळेना काय झालं. बहीण म्हणाली, "बाई, माहेर कुणी दरवर्षी बदलतं का?"

घरी येऊन जावेच्या भावाला नाही म्हणायचं काम माझ्यावर आलं. तो दुखावला. जाऊ दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नवरासुद्धा म्हणाला, घरचा माणूस सोडून परक्या बाईवर कसला विश्वास. मी म्हटलं, घरच्या माणसाला जेवायला बोलवू, हातावर दक्षिणा ठेवू, पण त्याने एकदा तरी विचारलं का की कोण जाणार आणि कधी? नवरा उठला. खोलीत जाऊन पुढच्या वर्षीची ऑर्डरची वही काढली, चतुर्थीची तारीख बघितली, आणि बाहेर येऊन म्हणाला की त्यालाही नाय सुचलं. मग जावेच्या भावाकडे तो स्वतः गेला आणि त्याची समजूत काढून आला. माणूस शांत आहे, पण वेळेला उभा राहतो.

बाईंनी फिरता आठवडा शोधायला महिना घेतला. विकणारं जोडपं डोंबिवलीचं. बाईंनी त्यांची आमच्याशी गाठ घालून दिली, त्यातल्या आजींनी कुठल्या खिडकीतून काय दिसतं तेसुद्धा सांगितलं. मग कंपनीच्या पत्राची वाट बघणं सुरू झालं आणि मी वेडी व्हायची बाकी राहिले. रोज बाईंना फोन. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी उचलणं बंद केलं. वाशीवाला पहिल्या रिंगला उचलायचा, तेव्हा कळलं की ज्याला काम असतं तो फोन उचलत नाही. पत्र आलं तेव्हा बाईंनीच फोन केला, आणि एका वाक्यात सांगून ठेवला.

कागदावर पहिलं नाव कुणाचं हा एक प्रश्न होता. आमच्याकडे अशा वेळी नवऱ्याचं नाव आपोआप लिहिलं जातं. बाईंनी पेन थांबवून सांगितलं की ज्याचं नाव पहिलं तोच दरवर्षी आठवडा मागू शकतो. नवरा शेजारीच बसला होता. म्हणाला, मग हिचं आणि धाकटीचं लिहा. गुढीपाडव्याच्या आधी आमच्या दोघींच्या सह्या झाल्या. बहिणीने इतकी जपून सही केली की बाईंना पुढचं पान उलटायला थांबावं लागलं.

त्या वर्षी मी आखणीला बसले की मनात दिवस मोजायचे. गणपती आले, गेले. अनंत चतुर्दशी झाली, श्राद्ध झालं, आणि खरोखरच घरातल्यांनी माझी बॅग भरून दिली. मी रोह्याला गेले, तिथून दोघी माणगाव, पोलादपूर करत घाटाने वर. बहीण खिडकीला नाक लावून बसली होती. पाचवारी साडीवर स्वेटर घातलेल्या आम्ही दोघी पंचेचाळिशीच्या बाया त्या काचेच्या दारातून आत गेलो तेव्हा मी अशी गांगरले होते, की काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं तर मी पटकन बहिणीचंच सांगितलं. खोलीत दोन पलंग, एक खिडकी, बाहेर धुकं. आम्ही नळ सोडून बघितले, कपाटं उघडून बघितली, गादीवर बसून बघितलं. रात्रीचं जेवण आयतं आलं. ताटं उचलायला बहीण उठली तर वाढणाऱ्या माणसानेच तिला बसवलं. ती दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

सकाळी मला सवयीने पाचला जाग आली. बहीण दुसऱ्या पलंगावर झोपली होती. चारला उठणारी बाई, आणि पाच वाजले, सहा वाजले, साडेसहा वाजले, तरी झोपलेलीच. तोंड किंचित उघडं, एक हात उशीखाली. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. आई गेल्यापासून मी तिला झोपलेली बघितलीच नव्हती. डोळ्यांखाली काळं झालं होतं, बोटांवर तव्याचे चटके होते, काही जुने, काही नवे, आणि हे मला एवढ्या वर्षांत दिसलं नव्हतं, कारण ती माझ्यासमोर कधी स्वस्थ नव्हतीच. मी तशीच बसून राहिले. आठ वाजून गेले. नाश्त्याचा हॉल कधी बंद होतो ते दारामागे लिहिलं होतं, मी ते वाचलं आणि तिला उठवलं नाही.

साडेआठला तिने दचकून डोळे उघडले, अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं, पाय खाली सोडायला गेली. "ताय, किती वाजलं?"

"चारपण नाय वाजलं गो," मी म्हटलं. "झोप."